मदत हवी आहे: लेकीच्या पिंपल्सचं काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, लेक 17 वर्षांची आहे अन् वर्षभरापासून गाल-कपाळ पिंपल्सनी भरलंय, त्यात आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे 42-43 डिग्री, स्कार्फ बांधून क्लासला जाऊन आली की चेहरा नुसता तेलकट. आधी मेडिकलवाल्याने दिलेली क्रीम लावली, आठ दिवसांत एकदम चकाचक, बंद केली की दुप्पट पिंपल्स! नंतर कळलं त्यात स्टेरॉइड होतं. सासूबाईंनी लिंबू चोळलं ते वेगळंच, नुसती आग आग झाली.

आता स्किनच्या डॉक्टरांनी रात्री अ‍ॅडापलीन 0.1 टक्के (पिंपल्ससाठी चेहऱ्यावर लावायचं औषध), मटारच्या दाण्याएवढंच, आणि सकाळी सनस्क्रीन दिलंय, फरक पडायला 8 ते 12 आठवडे लागतील म्हणाले. तिसरा आठवडा चालूय, नाकाच्या बाजूला सालं निघतायत म्हणून ती म्हणते बंदच करते. कोणाला असं झालेलं का? आधी मॉइश्चरायझर लावून एक दिवसाआड लावलं तर चालतं का? पुढची अपॉइंटमेंट महिन्याने आहे.

आणि शेंगाचटणी खरंच बंद करायची का हो, आमच्यात भाकरीसोबत रोज लागते, मी सध्या गोड अन् कोल्ड्रिंक तेवढं कमी केलंय. चिकट न होणारं सनस्क्रीन कुठलं तेपण सांगा.