आईच्या हातचा अर्धा स्वेटर आणि अरुंद होत चाललेलं दुपटं: सल्ला हवा

सुलटउलट:
नमस्कार. घरात दोन कामं अर्धी पडली आहेत आणि दोन्हींत मी अडले आहे.

पहिलं म्हणजे बाबांचा स्वेटर. बाबा रोज पहाटे तळजाईला चालायला जातात. त्यांच्यासाठी आईने गेल्या दिवाळीनंतर सुरू केला होता: राखाडी, गोल गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा. पाठ झाली, पुढचा भाग मुंड्यापर्यंत आला आणि तिची बोटं आखडायला लागली. संधिवात निघाला. आता दहा मिनिटांच्या वर तिला सुया धरवत नाहीत. टाके सुईवर तसेच आहेत. मी पूर्ण करते म्हटलं, पण माझा हात घट्ट. त्याच १० नंबरच्या सुयांवर आईचे १० सेंटीमीटरला २४ टाके येतात, माझे २७. शिवाय लोकर कमी पडणार आहे. तोच शेड नंबर मिळाला, पण लॉट, म्हणजे एकावेळी रंगवलेली खेप, वेगळा. गॅलरीत उजेडात धरलं की फरक लगेच दिसतो.

दुसरं, बहिणीचं बाळंतपण जानेवारीअखेर आहे. बाळंतविड्यात ठेवायला क्रोशाचं दुपटं घेतलं आहे, सुती दोऱ्याचं. ११० खांबांनी (क्रोशाच्या उभ्या टाक्यांनी) सुरुवात केली, नंतर १४ ओळी झाल्या आणि आज मोजले तर ९६ खांब. कडा आत आत जातेय. कुठे चुकतंय?

आधी काय हातात घेऊ? लोकर पुण्यात कुठे बघू? राहायला सिंहगड रोडला आहे.

खांबसाखळी:
दुपट्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. १४ ओळी, १४ खांब कमी. म्हणजे दर ओळीला नेमका एक सुटतोय. ओळ उलटवताना तुम्ही ३ साखळ्या घालत असाल. त्या ३ साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचा असतो. ती साखळी कडेला बारीक दिसते, खांबासारखी दिसतच नाही, म्हणून हमखास राहून जाते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिसऱ्या साखळीत एक सेफ्टी पिन अडकवा. परत आलात की पिन काढा आणि तिथेच खांब घाला. चार ओळींनंतर पिनेची गरज राहणार नाही.

आधीच्या १४ ओळी मात्र उसवाच. बाजूने खांब वाढवून कडा सरळ करता येते असं कोणी सांगेल, पण दुपटं घडी घातलं की ते कळतं.

आणि बाळासाठी सुती घेतलंत हे फार बरं केलंत. पुण्यात फेब्रुवारीच्या दुपारी ऊन तापायला लागतं, लोकरीचं दुपटं महिनाभरही वापरून होत नाही. नमुना जाळीचा असेल तर भोकं लहान ठेवा, बाळाची बोटं अडकतात. शेवटाचे दोरे नुसते कापू नका, सुईने निदान ५ सेंटीमीटर आत ओवा.

पेठेतलीकाकू:
स्वेटरबद्दल लिहिते, कारण हे मी स्वतः केलं आहे. माझ्या सासूबाईंचा राहिलेला स्वेटर मी तसाच पुढे विणला आणि दोघींच्या हातांच्या मधली रेघ छातीवर आडवी उमटली. धुतल्यावरही गेली नाही.

पुढच्या भागावर १२० टाके असतील तर तुमच्या आईच्या हाताने ते ५० सेंटीमीटर भरतात, तुमच्या हाताने साडेचव्वेचाळीसही नाही. हात सैल सोडायचा प्रयत्न करू नका, दोन ओळींनी पुन्हा घट्ट होतो. सुई बदला. ९ नंबरवर एक चौकोन विणा, मग ८ वर. २४ टाके ज्या सुईवर येतील ती तुमची सुई.

नंबर जपून बघा. आपल्या जुन्या सुयांना नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४. अमेरिकन नंबर उलटे चढतात, तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची असते. ऑनलाइन मागवताना मिलिमीटरच वाचा.

लोकरीसाठी तुळशीबागेत आणि रविवार पेठेत चक्कर मारा. शनिवार-रविवार टाळा, सकाळी जा. स्वेटर बरोबर न्या. राखाडीला राखाडी जुळवत बसू नका, सरळ दुसरा रंग घ्या. मुंड्यापासून गडद निळा पट्टा सुरू केलात तर जोडही झाकला जाईल आणि लॉटचा फरकही.

लोकरगुंडा:
काकूंचं पटतं, पण मग पाठ पूर्ण राखाडी आणि पुढे पट्टा, हे बाजूच्या शिवणीला विचित्र दिसेल. मी पाठही मुंड्यापर्यंत उसवली असती. तीच लोकर पुढे वापरता येते, लॉट तोच.

पेठेतलीकाकू:
आईने विणलेलं उसवायला माझा हात झाला नसता. आईला विचारल्याशिवाय तरी नको.

सुलटउलट:
तीन आठवड्यांनी लिहितेय.

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिने पाठ हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाली, "उसव. मुंड्यापर्यंतच, आणि खाली आधी दोरा ओवून घे." तेव्हा मुंड्याच्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून पांढरा दोरा ओवला आणि मग उसवलं. टाके बरोबर त्या दोऱ्यावर येऊन थांबले, एकही निसटला नाही. उसवलेली लोकर नागमोडी झाली होती. आईने ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायला लावली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगली. दुसऱ्या दिवशी सरळ.

माझे २४ टाके ८ नंबरवर आले. दोन्हीकडे मुंड्यापासून ८ ओळी गडद निळ्या, वर पुन्हा आईचीच राखाडी. ती खांद्यापर्यंत पुरतेय. बाह्या पूर्ण निळ्या करणार आहे, लोकर तुळशीबागेतून आणली. मी विणताना आई शेजारी बसून ओळी मोजते. परवा तिने स्वतः अर्धी ओळ विणली, मग बोटं दुखायला लागली तशी सुया माझ्याकडे दिल्या. ती अर्धी ओळ कुठली ते मी शोधून पाहिलं, सापडली नाही.

दुपटं पिनेच्या युक्तीने ४० ओळींवर आहे आणि ११० चे ११० खांब आहेत. खांबसाखळी, आता कडेला काय करू? साधा मुका खांब (आखूड टाका) की कंगोरे?

खांबसाखळी:
एक ओळ मुक्या खांबाची आधी सगळीकडून घ्या, कोपऱ्यात एकाच ठिकाणी ३. मग कंगोरे. नुसते कंगोरे घातले तर कडा लाटेसारखी होते. आणि कंगोऱ्याला ५ च खांब ठेवा, बाळाच्या गालाशी येतं ते.