खच्ची, पाशवी, कंठस्नान वगैरे

धागाकर्ता:
काल टीव्हीवर खालच्या पट्टीत "कार्यकर्त्यांचं खच्चीकरण" आणि लगेच पुढच्या बातमीत "पाशवी अत्याचार" असं पाठोपाठ गेलं आणि डोकं तिथंच अडकलं. जे माणूस बैलाचं करतो ते आपण नाराज कार्यकर्त्याला लावतो आणि जे फक्त माणूसच माणसाचं करतो त्याला नाव पशूचं! पाशवी बहुमत तर अजून भारी, कुठल्या कळपात मतदान होतं देव जाणे. तर प्रश्न असा की खच्ची हा शब्द मूळ अर्थानं अजून कुणी वापरतं का, का आता तो फक्त पुढाऱ्यांचाच राहिलाय?

जुन्नरकर:
वापरतात की राव. मूळ खस्सी, अरबी-फारसीतून आलेला, हिंदीपट्ट्यात बोकडाला अजून खस्सीच म्हणतात. आमच्याकडे म्हातारी माणसं मात्र "बैल बडवला" म्हणायची आणि ते शब्दशः तसंच असायचं. खोंडाचे पाय बांधून त्याला आडवा पाडायचा, दोघं-तिघं मानेवर अन् पायावर बसायचे, आणि दोन लाकडांच्या मधे धरून नस ठेचायची, भूल वगैरे काही नाही. आता डॉक्टर चिमटा घेऊन येतात, वरची कातडी फाटत नाही, आतली नस चेपली जाते, काम पाच-दहा मिनिटांचं. मग तो बैल नांगराला "गरीब" होतो. हा गरीब पण बघा, स्वभावाला म्हणतात, पैशाला नाही. टीव्हीवाल्यांनी एकदा बघावं आणि मग खच्चीकरण लिहावं.

मुंबैकरीण:
वाचतानाच पोटात कालवलं. मला कायम खटकतो तो वेगळा प्रयोग, "गुरासारखं मारलं", "ढोरासारखं बदडलं". कोठडीत कुणाला मारहाण झाली की नातेवाईक हेच म्हणतात, पेपरही तसंच छापतो. म्हणजे तक्रार मारण्याची नाहीये, माणसाला गुराच्या रांगेत बसवलं याची आहे! गुराला मारणं हे आधीच मान्य करून टाकलेलं. "कुत्र्याच्या मौतीनं मेला" तसंच. या तुलनेत शब्दकोशातला अख्खा क्रूर, निर्दय, निष्ठुर लवाजमा फिका आहे, कारण ते शब्द आपण विचार करून वापरतो आणि हे तोंडातून आपोआप निघतं.

कायदेवाला:
कायद्याची भाषा पण बघा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा, त्यात जनावराला मारणं, अतिओझं लादणं, उपाशी ठेवणं वगैरे कलम ११ मधे येतं आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, रुपये, आकडा बरोबर वाचलात, आता त्यात वडापावच्या दोन प्लेटी येतील. आणि जुन्नरकर, ते तुमचं खच्ची करणं, शिंगं काढणं, डागणं, हे ठरवून दिलेल्या पद्धतीनं केलं तर त्याच कलमातून वगळलंय. जनावर ठार मारलं किंवा पांगळं केलं तर आधी भारतीय दंड संहितेत आणि आता न्यायसंहितेच्या ३२५ व्या कलमात जो गुन्हा लागतो त्याला मराठीत शब्द आहे "आगळीक". मालमत्तेच्या नुकसानीच्या वर्गातला. शेजाऱ्याची म्हैस विष घालून मारली, काय केली? आगळीक केली!
एक शब्द मात्र त्या कायद्यात गोठ्यातून थेट इंग्रजी मसुद्यात जाऊन बसलाय, फूका. गाईनं जास्त दूध सोडावं म्हणून तिच्या मागच्या अंगात फुंकणी घालून हवा किंवा काहीबाही भरायचे. त्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे.

धागाकर्ता:
आगळीक!! आजी आम्हाला म्हणायची लाडू चोरल्यावर.

पाटीलबुवा:
सगळं बैलावरच चाललंय, युद्धाचे शब्द कुणी घेईना. बातमीत शत्रूचा माणूस मेला तर "कंठस्नान", आपला गेला तर "वीरमरण", आणि ज्याचा कुणाशीच संबंध नाही तो नुसता "ठार". गोळी तीच असते. कंठस्नान म्हणजे खरं तर डोक्यावरून पाणी न घेता गळ्याखालची अंघोळ, ती रक्ताची कधी झाली ते झाली, पण आता हेडिंग लिहिणाऱ्याला त्यात ना गळा दिसतो ना अंघोळ. शिरकाण तसाच, शब्दातच शीर कापलेलं आहे तरी आपण तो सोसायटीतल्या झाडांना लावतो. गाझा, युक्रेनच्या बातम्यात बघा, बहुतेक मेलेले "ठार"च. मला तो बरा वाटतो, कोरडा आहे पण खोटं बोलत नाही.

मुंबैकरीण:
कत्तल राहिला. खाटीक एक बोकड कापतो, त्याला कत्तल कुणी म्हणत नाही, पण जिथं रोज शेकड्यानं कापतात तो कत्तलखाना. म्हणजे त्यात संख्या आहेच. आणि मोहरमची "कत्तलची रात" आहे ना, ती करबल्याच्या लढाईची आठवण, इ.स. ६८० ची, आमच्या गावात डोले (ताबूत) बसायचे तेव्हा हिंदू बायासुद्धा हाच शब्द सहज बोलायच्या.

जुन्नरकर:
बुवा, बैलावर चाललंय कारण भाषा सगळी त्याच्या पाठीवर आहे. वेसण घालणे, घाण्याला जुंपणे, दावणीला बांधणे, आसूड ओढणे. बैलगाडा शर्यतीचं म्हणाल तर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा टिकवला. नियमात काठी, चाबूक, शॉक सगळं बंद. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी (गाड्याची फेरी) सुटताना भिर्रर्र ऐकलं की मी पण उभा राहतो, खोटं कशाला बोलू, पण पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला आर (टोचायची अणी) लावलेली दिसली तर बोलतो आणि शिव्या खातो.
आणि लोक सरसकट "मुकी जनावरं" म्हणतात ना बुवा, तेही बंद करायला हवं, मुकं कसलं. बडवताना त्याचा आवाज दुसऱ्या आळीत जायचा. हंबरडा शब्द तर त्यांचाच, हंबरण्यातला, पेपरात "नातेवाईकांनी हंबरडा फोडला" असतो तो.
बाकी विदर्भ, खानदेशाकडं बडवण्याला वेगळा शब्द आहे का? आमच्याकडं चेचणे पण चालतं.