चर्चा धागा: क्रिकेटच्या तारखांनी बॅरिस्टर ड्रुइट निर्दोष ठरतो का?

मिडऑफ: माँटेग्यू जॉन ड्रुइट (१८५७–१८८८). डॉर्सेटमधल्या एका सर्जनचा मुलगा. विंचेस्टर आणि ऑक्सफर्डला शिकला, लंडनमधल्या ब्लॅकहीथच्या शाळेत शिक्षक झाला, १८८४ मध्ये एमसीसी या लंडनच्या क्रिकेट क्लबचा सभासद आणि १८८५ मध्ये इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेचा बॅरिस्टर. आज नाव निघतं ते ‘जॅक द रिपर’चा, म्हणजे १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात बायकांचे खून करणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या खुन्याचा, संशयित म्हणून. माझ्या मते मॅचच्या तारखांपुढे हा आरोप टिकत नाही. त्यातला निकोल्सचा खून ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे, आणि १ सप्टेंबरला हा डॉर्सेटमध्ये कॅनफर्डला खेळतोय. चॅपमनचा ८ सप्टेंबरच्या पहाटे, आणि त्याच दिवशी साडेअकराला हा ब्लॅकहीथला मैदानात. स्टॅन्ली ख्रिस्तोफरसनने त्याचा त्रिफळा उडवला तो हाच सामना.

पुरावा दाखवा: साफ असहमत. पहिल्या घटनेनंतर कॅनफर्डला पोचायला अख्खा दिवस हाताशी होता, रेल्वे होती. चॅपमनचा मृतदेह सहाच्या सुमारास सापडला. तिथून ब्लॅकहीथ फार तर नऊ किलोमीटर, मध्ये साडेपाच तास. गुन्ह्याच्या वेळी माणूस दुसरीकडे होता हे दाखवावं लागतं. दुपारी दमलेला दिसला नाही, एवढ्याने भागत नाही.

मिडऑफ: मग आरोपाची बाजूही तपासा की! ड्रुइटला संशयित ठरवणारं पोलीस अधिकारी मॅकनॉटनचं टिपण १८९४ चं, आणि तो पोलिसात आला जून १८८९ मध्ये. टिपणात ड्रुइट ‘डॉक्टर असल्याचं म्हणतात’, कच्च्या मसुद्यात वय ४१. प्रत्यक्षात बॅरिस्टर, वय ३१. बापाचा धंदा मुलाच्या नावावर चढवला.

पुरावा दाखवा: तपशील चुकले म्हणून माणूस चुकीचा ठरत नाही. घरच्यांनाच संशय होता अशी खासगी माहिती असल्याचं तो लिहितो.

लाँग व्हेकेशन: ती माहिती काय, कुणाकडून, हे कागदावर कुठेच नाही. शिवाय मॅकनॉटन लिहितो की मिलर्स कोर्टच्या, म्हणजे रिपरच्याच आणखी एका, खुनाच्या सुमारास ड्रुइट नाहीसा झाला. तो खून ९ नोव्हेंबरचा. ३१ डिसेंबरला चिझिकजवळ थेम्समध्ये ड्रुइटचा मृतदेह मिळाला तेव्हा खिशात दगड, ५० आणि १६ पौंडांचे चेक, आणि हॅमरस्मिथ–चेअरिंग क्रॉसच्या परतीच्या तिकिटाचं उरलेलं अर्धुक होतं. तिकिटावर तारीख १ डिसेंबर! म्हणजे त्या खुनानंतर तीन आठवडे गडी हयात होता. शाळेतून काढल्याची तारीख स्थानिक पेपरात ३० डिसेंबर छापली, ती बहुधा ३० नोव्हेंबर. का काढलं ते माहीत नाही, पण आई त्या जुलैपासून मनोरुग्णालयात होती आणि आपलंही तसंच होणार असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. मृत्यूचं कारण तिथे शोधा, व्हाइटचॅपेलला कशाला जायचं?



पुरावा दाखवा: तिकिटाचा मुद्दा मान्य. ‘नाहीसा झाला’ हे टिपणातलं विधान चूकच. पण मॅचच्या तारखा अजूनही त्याला सोडवत नाहीत, आणि धाग्याचा दावा तोच आहे.