मदत हवी आहे: ओपनडब्ल्यूआरटी अपग्रेड केलं आणि राउटरचा दगड झाला

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी, काल रात्रीपासून घरात नेट नाही आणि चूक शंभर टक्के माझीच आहे, तेव्हा शिव्या नंतर घाला, आधी उपाय सांगा.

लॉकडाउनमध्ये घेतलेला राउटर आहे, आत मीडियाटेकची एमटी७६२१ चिप, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. तेव्हाच त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकायचं मुक्त सॉफ्टवेअर) १९.०७ टाकलं होतं आणि इतकी वर्षं हातसुद्धा लावावा लागला नाही, उन्हाळ्यात ४२ डिग्रीत माळ्यावर तापत पडलेला असतो तरी चालतो. भाचा म्हणाला मामा हे लय जुनं झालं, सिक्युरिटी अपडेट बंद झालेत, म्हणून काल २३.०५ ची सिसअपग्रेड फाइल (नवीन व्हर्जन चढवायची) उतरवून घेतली. अपलोड केल्यावर राउटरने सांगितलं की इमेज, म्हणजे ती फाइल, १.१ आहे आणि डिव्हाइस १.० आहे, जुनी सेटिंग पुसून अपग्रेड करा, फोर्स लागेल. आता मी त्यातलं फक्त फोर्स वाचलं. 'सेटिंग ठेवा'वरची टिक तशीच राहू दिली, परत सगळं कोण भरत बसणार म्हणून.

आता पॉवरची लाईट शांत जळतीय, पण लॅपटॉपला केबल लावली तर १६९.२५४ वाला पत्ता येतो (म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही), राउटरच्या १९२.१६८.१.१ ला पिंग नाही, वायफायचं नावही दिसत नाही. रीसेटच्या भोकात टाचणी घालून पॉवर चालू करताना १५ सेकंद दाबून बघितलं, चार वेळा, ढिम्म.

आणि खरी गोची पुढे आहे. पीपीपीओईचा, म्हणजे नेट जोडायच्या लॉगिनचा, युजरनेम पासवर्ड मी कुठेच लिहून ठेवलेला नाही. केबलवाला अक्कलकोटला लग्नाला गेलाय, फोन उचलंना. वडील सकाळपासून टीव्हीवर कीर्तन लागंना म्हणून दर अर्ध्या तासाला जिन्यात येऊन "झालं का रे" विचारायलेत.

होटगीरोड:
काय करालाव मालक! 'जुनी सेटिंग पुसा' असं ते उगाच लिहीत नाहीत. १९.०७ मध्ये आतल्या स्विचला कापून लॅन (घरातली पोर्टं) म्हणजे इथ०.१ आणि वॅन (बाहेरच्या नेटचं पोर्ट) म्हणजे इथ०.२ असं असायचं. २१.०२ पासून एमटी७६२१ वाल्यांना डीएसए (पोर्ट सांभाळायची नवी पद्धत) आलं, आता प्रत्येक पोर्टला स्वतःचं नाव, लॅन१, लॅन२, वॅन. तुमची जुनी फाइल नव्या घरात जुनी दारं शोधत बसलीय. राउटर मेलेला नाही, चांगला बूट होतोय.

सोपं आहे. पॉवर देताना दाबायची सवय कंपनीच्या फर्मवेअरची, तेव्हा बटणाकडे बूटलोडरचं लक्ष असतं. आता पूर्ण चालू होऊ द्या, दोन मिनिटं थांबा, मग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून सोडा. फॅक्टरी रीसेट होतं.

तारतंत्र:
थांबा थांबा, रीसेट मारू नका!! पासवर्ड त्याच जुन्या फाइलमध्ये आहे आणि साध्या अक्षरात आहे, रीसेट मारलात की गेला. आधी फेलसेफमध्ये (जुनी सेटिंग न लावता चालू होणारी आणीबाणीची अवस्था) जा. लॅपटॉपला हाताने पत्ता द्या, १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०, कारण फेलसेफमध्ये राउटर स्वतःहून पत्ता देत नाही. राउटर चालू करा, पॉवरची लाईट फडफडायला लागली की लगेच रीसेट दाबा, आणखी जोरात फडफडली की आत गेलात. मग रूट नावाने १९२.१६८.१.१ ला एसएसएच करा (लॅपटॉपवरून राउटरला कमांड द्यायला), पासवर्ड मागणार नाही.

मागवाला:
वेळ घालवू नका, झाकण उघडून टीटीएल सिरियल केबल (थेट आतल्या बोर्डाला जोडायची) लावा, सगळं दिसेल.

तारतंत्र:
@मागवाला, त्यांच्या घरात कीर्तन बंद आहे आणि तुम्ही सोल्डरिंग काढायला सांगताय.

जुळेसोलापूरकर:
लाईट आणखी जोरात फडफडली, दोन्हीतला फरक चांगला कळतो. पण एसएसएच लागंना, पिंगही नाही. केबल तीन नंबरच्या पोर्टात आहे, फायरवॉल पण बंद करून झालं.

तारतंत्र:
तिथंच घोळ आहे. डीएसएवाल्या डब्यात फेलसेफच्या वेळी बहुतेक एकच पोर्ट जागं असतं, बरेचदा लॅन१. छापलेल्या नंबरवर विश्वास ठेवू नका, एकेक करून सगळ्यात लावून बघा.

जुळेसोलापूरकर:
लागलं!!! छापलेल्या चार नंबरला लागलं, म्हणजे यांचा एक तो आमचा चार. लॅपटॉपने आधी घाबरवलं की समोरच्या यंत्राची ओळख बदललीय, पण फेलसेफमध्ये चावी नवीन बनते असं वाचलं म्हणून जुनी नोंद काढून टाकली. माउंट_रूट दिलं (जुन्या फाइली दिसायला), मग नेटवर्कची फाइल कॅट केली, म्हणजे स्क्रीनवर उघडली, आणि अहो खरंच, वॅनच्या खाली युजरनेम पासवर्ड उघडे पडलेले. घरात कुणालाही दिसतील असे, हे जरा चुकीचंच वाटलं, पण आज तक्रार नाही. फोनने स्क्रीनचा फोटो काढला, वहीत पण लिहिलं.

मग फर्स्टबूट (सगळी सेटिंग पुसायची कमांड), होय म्हटलं, रीबूट. राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. वायफाय मुळात बंदच असतं ते माहीत होतं, देशाचा कोड भारत ठेवून चालू केलं, रूटला पासवर्ड दिला. वॅनला पीपीपीओई भरलं. पण जोडंना! तोच युजरनेम, तोच पासवर्ड, तीनदा तपासला.

होटगीरोड:
केबलवाल्याने मॅक (राउटरचा ओळख नंबर) बांधलेला असणार, दुसऱ्या नंबरला नेट देत नसणार. फोटोत वॅनखाली मॅकअ‍ॅड्र अशी ओळ आहे का बघा.

जुळेसोलापूरकर:
आहे. आता आठवलं, केबलवाल्याने आमच्या आधीच्या राउटरचा मॅक बांधला होता, तो बदलायला माणूस येईना म्हणून मीच तो मॅक इकडे चिकटवला होता. पण नव्या पानात वॅन इंटरफेसमध्ये ती जागाच दिसत नाही.

होटगीरोड:
२१.०२ पासून ती जागा हलली. इंटरफेसच्या पानावर वर 'डिव्हाइसेस' टॅब आहे, तिथं वॅन उघडा, त्यात मॅक भरा, सेव्ह करा. ओएनटीचा (बाहेरची फायबर येते तो) पांढरा डबा पण दोन मिनिटं बंद करून चालू करा, तो जुनी ओळख धरून बसतो.

जुळेसोलापूरकर:
चालू!! वॅनला पत्ता आला, कीर्तन लागलं. तारतंत्र, तुमचा तो थांबा थांबा अर्ध्या मिनिटाने उशिरा आला असता तर मी टाचणी घेऊन माळ्यावर पोचलो होतो. आत्ताच बॅकअप काढून पेनड्राइव्हवर टाकला, चिठ्ठी चिकटवली '२३.०५ चा, १९.०७ ला चालणार नाही'.

केबलवाल्याचा आत्ता फोन आला, "साहेब काय काम होतं?"

धाग्यावर 'सुटलं' असं कसं टाकतात? मला ते बटण सापडंना.