मदत हवी आहे: ओपनस्ट्रीटमॅपवर महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाईनमधल्या दुकानांना टॅग कोणते द्यायचे?

तिकटीवरून
कोल्हापुरातल्या वरच्या पट्ट्यातली दुकानं ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येते असा खुला नकाशा) भरायला घेतली आहेत. जागा आणि नावं झाली, गाडं अडलंय ते प्रकारावर, म्हणजे टॅगवर (कळ=मूल्य अशी जोडी).

चप्पल लाईनमधल्या दुकानांना शॉप=कोल्हापुरी_चप्पल दिलं. सेव्ह झालं, एरर आली नाही, पण नकाशावर बुटाचं चिन्ह उमटत नाही, नुसता ठिपका दिसतो. पाटीवर केमिस्ट लिहिलेल्या तीन मेडिकलना शॉप=केमिस्ट दिलं, तर चेंजसेटखाली (एका वेळी सेव्ह केलेले बदल) कुणीतरी "हे चुकीचं आहे" एवढंच लिहून गेलं. मिसळीच्या हॉटेलवर पलंगाचं चिन्ह आलंय. शिवाय एका गाळ्यात गिरण आहे, मिरची कांडप आहे आणि तयार मसालाही विकतात. तिथे अर्धविराम टाकून दोन-तीन प्रकार दिले तर चालतील का?

(टॅग इथे देवनागरीत लिहितोय, भरताना रोमनमध्येच भरलेत.)

पेठकर
पाटीवर काय लिहिलंय ते नावात जातं. टॅग ठरतो गिऱ्हाईक तिथे कशासाठी जातं यावरून. तुमच्या चारांपैकी तीन घोटाळे पाटी वाचून टॅग दिल्यामुळे झालेत.

केमिस्ट बघा. आपल्याकडे केमिस्ट म्हणजे मेडिकल. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये शॉप=केमिस्ट म्हणजे साबण, शांपू, सौंदर्यप्रसाधनं विकणारं दुकान, जिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं मिळत नाहीत. युरोपात असं वेगळं दुकान असतं, त्यांच्यासाठी तो टॅग आहे. आपल्या मेडिकलला अ‍ॅमेनिटी=फार्मसी द्या, जोडीला डिस्पेन्सिंग=येस. हा टॅग शॉपच्या यादीत नाहीच, म्हणून शोधणाऱ्याला सापडत नाही. आयडी एडिटरमध्ये (ब्राउझरमधला नकाशा भरायचा एडिटर) फार्मसीचा प्रीसेट, म्हणजे तयार पर्याय, निवडलात की हेल्थकेअर=फार्मसी आपोआप जोडलं जातं. ते राहू द्या, काढू नका.

हॉटेलचंही तसंच. टुरिझम=हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, म्हणून पलंग आला. मिसळीला बसून खाण्याची सोय आणि टेबलावर आणून देणारा माणूस असेल तर अ‍ॅमेनिटी=रेस्टॉरंट. काउंटरवर पैसे देऊन स्वतः प्लेट उचलायची असेल तर अ‍ॅमेनिटी=फास्ट_फूड. क्विझीन=इंडियन द्या. फक्त शाकाहारी असेल तर डाएट:व्हेजिटेरियन=ओन्ली, तांबडा-पांढराही आहे आणि शाकाहारी ताटही मिळतं अशा खानावळीला त्याच टॅगमध्ये येस. नावात "हॉटेल अमुक" तसंच ठेवा, ते नावच आहे. खासबागेकडच्या रोज त्याच जागी लागणाऱ्या गाड्यांना फास्ट_फूडबरोबर स्ट्रीट_व्हेंडर=येस. आज इथे, उद्या तिथे असणारी गाडी नकाशावर घालूच नका.

आता चप्पल. टॅगच्या मूल्यात काहीही लिहिता येतं, म्हणून एरर येत नाही. पण चिन्हं ठरावीक मूल्यांनाच असतात. बाकी सगळ्याला ठिपका. आणि ठिपक्यापेक्षा वाईट म्हणजे पादत्राणांची दुकानं शोधणाऱ्या अ‍ॅपला तुमची अख्खी लाईन दिसणारच नाही. शॉप=शूज द्या, "कोल्हापुरी चप्पल" हे डिस्क्रिप्शनमध्ये. नवं मूल्य सुचलं की आधी टॅगइन्फोवर (टॅगांच्या वापराची आकडेवारी देणारी साइट) ते जगात किती वेळा वापरलंय ते बघा. आकडा एक-दोनात असेल तर ते तुमच्यासारख्याच कुणाचं तरी आहे.

दुरुस्ती करताना जुना नोड (दुकानाचा नकाशावरचा बिंदू) पुसून नवा टाकू नका. त्याच नोडवर मूल्य बदला, म्हणजे इतिहास शाबूत राहतो.

गुजरीचा कोपरा
पेठकरांच्या म्हणण्यात भर. चप्पल लाईनमध्ये विक्री आहे म्हणून शॉप=शूज बरोबर. पण जवाहरनगर, सुभाषनगरच्या बाजूला जिथे चप्पल बनते तिथे क्राफ्ट=शूमेकर लागेल. शॉप आणि क्राफ्ट या वेगळ्या कळा आहेत, त्यामुळे बनवून तिथेच विकणाऱ्याला एकाच नोडवर दोन्ही देता येतात. रस्त्याकडेला फक्त दुरुस्ती करणाऱ्या गटई कामगाराच्या टपरीला शॉप=शू_रिपेअर.

गुजरीत हाच फरक आणखी जपा. खाली सराफाचं दुकान, वर ठुशी-साज घडवणारा कारागीर, हे दोन नोड. सराफाला शॉप=ज्वेलरी, लेव्हल=0. कारागिराला क्राफ्ट=ज्वेलर, लेव्हल=1. लेव्हल आपल्या बोलण्यासारखीच मोजतात, तळमजला शून्य आणि पहिला मजला एक. घोळ होतो तो स्पेलिंगमध्ये. ओपनस्ट्रीटमॅप बहुतेक सगळीकडे ब्रिटिश वळण पाळतं, पण शॉपमधलं ज्वेलरी अमेरिकी आहे, एका 'एल'चं. क्राफ्टमधलं ज्वेलर मात्र दोन 'एल'चं. हाताने टाइप केलंत तर चुकणारच, प्रीसेटमधून निवडा. आणि मूल्य नेहमी लहान लिपीत, जागा सोडायची तिथे अंडरस्कोर.

गिरणीच्या गाळ्याबद्दल. लोक आपलं धान्य, आपली मिरची घेऊन येतात आणि दळून-कांडून नेतात, म्हणून क्राफ्ट=ग्राइंडिंग_मिल. गिरण आणि कांडप दोन्ही त्यातच बसतं. तयार मसाला, चटणी खरोखर विकायला मांडलेली असेल तर त्याच नोडवर शॉप=स्पायसेस जोडा. काउंटरवर चार पुड्या ठेवल्यात एवढ्यावर जोडू नका.

एकाच कळीत अर्धविराम देऊन दोन प्रकार लिहिणं टाळा. शॉप=स्टेशनरी;कॉपीशॉप असं लिहिलं की बरीचशी अ‍ॅप्स त्याला एकच अनोळखी शब्द समजतात आणि दोन्ही शोधांतून दुकान गळतं. मुख्य धंदा निवडा. झेरॉक्ससाठी रांग लागत असेल तर कॉपीशॉप, वह्या-पेनांवर दुकान चालत असेल तर स्टेशनरी. क्विझीनमध्ये अर्धविराम चालतो, तिथे यादी अपेक्षितच असते.

तिकटीवरून
चपला आणि मेडिकल दुरुस्त केले. आणखी दोन गोष्टी. किराण्याला जनरल की ग्रोसरी? आणि आत काय चालतं ते कळत नाही अशा दुकानांचं काय करू?

रंकाळा वेस
भावा, गल्लीतल्या किराण्याला शॉप=कन्व्हिनियन्स. नाव परकं वाटतं, पण रोजच्या लागणाऱ्या वस्तूंचं लहान दुकान हीच त्याची व्याख्या आहे. ट्रॉली ढकलत माल घेता येत असेल तर सुपरमार्केट. लक्ष्मीपुरीतली पोत्यांनी धान्य देणारी दुकानं आणि शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी यांना शॉप=होलसेल. त्यांना कन्व्हिनियन्स दिलंस तर कुणीतरी अर्धा किलो साखरेसाठी शाहूपुरीत जाऊन उभा राहील. खतं-बियाणांच्या कृषी सेवा केंद्राला शॉप=अ‍ॅग्रेरियन.

जे कळत नाही त्याला शॉप=येस, आणि नोडवर एक नोट टाक. अंदाजाने दिलेला टॅग नंतर कुणी तपासत नाही, येस मात्र लोकांच्या डोळ्यांना खुपतं आणि भरलं जातं. कायमचं शटर पडलेलं दुकान पुसू नको, कळीच्या आधी डिसयूज्ड: लाव, म्हणजे डिसयूज्ड:शॉप=शूज.

नावाच्या रकान्यात "मे.", "प्रो. प्रा.", फोन नंबर आणि मुख्य म्हणजे "आमची कुठेही शाखा नाही" हे घालू नको. पाटी मराठी असेल तर नेम:एमआर मध्ये जशीच्या तशी. गुगलच्या नकाशावरून नाव किंवा वेळ उचलायची नाही, परवानगी नाही. स्वतः पाहिलेली पाटी किंवा तिचा फोटो, बस.

गुजरीच्या बोळात जीपीएस हमखास पलीकडच्या ओळीत उडी मारतं. नोड उपग्रह चित्रावरच्या इमारतीत, दाराच्या बाजूला हाताने सरकवून ठेव.

तिकटीवरून
गंगावेशीतल्या दूध कट्ट्याला शॉप=डेअरी दिलंय. सकाळ-संध्याकाळची वेळ भरली, पण अ‍ॅपमध्ये सकाळी बंद दाखवतंय.

गुजरीचा कोपरा
दोन वेळांच्या मध्ये अर्धविराम दिला असणार. वेळेच्या टॅगमध्ये अर्धविरामानंतरचा नियम त्याच दिवसांसाठी आधीचा नियम खोडतो, म्हणून संध्याकाळ उरली आणि सकाळ गेली. दोन वेळा स्वल्पविरामाने जोडा. समजा 6 ते 9 आणि 5 ते 8 असेल तर मो-सु 06:00-09:00,17:00-20:00 (मो-सु म्हणजे सोमवार ते रविवार). घड्याळ 24 तासांचं, एएम-पीएम नाही. आठवड्याची सुट्टी असेल तेव्हाच अर्धविराम, म्हणजे शेवटी ; मो ऑफ.