फक्त चालणाऱ्या बाबांना बाकीचा व्यायाम कसा सुरू करून द्यावा? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. निवृत्त झाल्यापासून त्यांनी सकाळच्या फिरण्यात कधी खाडा केला नाही. अंबाझरीला जायचं, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या चालीत फिरायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी पहाटेच निघून ऊन चढायच्या आत घरी. या शिस्तीचं मला मनापासून कौतुक आहे, ती मोडायची नाहीये.

पण हल्ली पूजा आटोपून पाटावरून उठताना त्यांचा एक हात गुडघ्यावर असतो आणि दुसरा भिंतीला. पँट घालताना कपाटाला टेकावं लागतं. तांदळाची दहा किलोची पिशवी उचलली की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. आणि तासभर चालून आले तरी दम लागलेला नसतो! म्हणजे दमसास चांगला आहे. मांड्या, पाठ आणि तोल मागे पडलेत, असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना वाचल्या. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा, हे बाबांचं केव्हाच होतं. पण स्नायूंच्या ताकदीसाठी किमान दोन दिवस, आणि तोल व ताकद दोन्हींना काम देणारे प्रकार किमान तीन दिवस असंही त्यात आहे. तिथे आमची पाटी कोरी. वयाबरोबर स्नायू झिजतातच, आणि सवयीच्या सपाट चालीने ती झीज भरून निघत नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती पडण्याची आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं की सावरणं फार कठीण जातं.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी गुडघे तपासून हलक्या व्यायामाला परवानगी दिली, पण जोर लावताना श्वास रोखायचा नाही असं बजावलं, कारण त्याने बीपी एकदम चढतं.

माझ्या डोक्यात असं आहे: चालणं आठवड्यातून चारच दिवस, त्यातला एखादा सेमिनरी हिल्सच्या चढावर. बाकीच्या दिवशी घरीच हात न टेकता खुर्चीतून उठबस, भिंतीवर हात ठेवून जोर, टाचा उचलणं, स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर उभं राहणं. शिवाय रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात आसनं शिकता येतील.

घोडं अडलंय ते बाबांपाशी. "मी रोज चालतो ना, आता या वयात काय नवीन काढून राहिली तू?" इथेच बोलणं संपतं. जिमचं नाव काढलं की उठून जातात.

तर मदत हवी आहे ती अशी. उठबस आणि जोर सुरुवातीला किती वेळा करावेत, आणि वाढवायचे कधी? चढ-उताराने गुडघ्यांना त्रास होईल का? साठीनंतर पोहायला शिकलेलं कोणी आहे का, आणि नागपुरात ज्येष्ठांना धीराने शिकवणारा तलाव कुठला? प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर भागात सकाळी एकत्र व्यायाम करणारा ज्येष्ठांचा गट असेल तर जरूर कळवा. सोबत मिळाली तर ते जातील असं वाटतं.

हा धागा मी बाबांना वाचून दाखवणार आहे. त्यांच्या वयाच्या मंडळींनी स्वतःचा अनुभव लिहिला तर फार उपकार होतील, माझ्यापेक्षा ते तुमचं ऐकतील.