बसऱ्याला गेलेल्या पणजोबांना अग्नी मिळाला का, हे कुठे कळेल?

खटावचा

नमस्कार मंडळी. गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आमच्याकडे त्या युद्धाला अजून 'बसऱ्याची लढाई' म्हणतात, बसरा म्हणजे इराकमधलं शहर. आजोबा तेव्हा पाळण्यात होते.

घरात त्यांची एकच खूण आहे. तळहाताएवढी, गोल, जड ब्रॉंझची थाळी. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह आणि कडेला चौकटीत उठावाच्या अक्षरांत पणजोबांचं नाव. घरात तिला 'राणीची थाळी' म्हणतात. दर खंडेनवमीला आजी ती चिंचेने घासून कोयता-विळ्यांच्या शेजारी पूजेला मांडायची. घासून घासून सिंहाची आयाळ गुळगुळीत झाली आहे, नाव मात्र बोट फिरवलं की अजून लागतं.

पणजीला कागद आला होता, तो पाटलांनी वाचून दाखवला. तो कागद आता नाही. पणजीचा विश्वास बसला नाही, तिने बारा वर्षं कुंकू लावलं. शेवटी भावकीने पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला. तिथी माहीत नसल्यामुळे त्यांचं पान आम्ही सर्वपित्रीला वाढतो. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. गेल्या पितृपक्षात पान ठेवताना मला म्हणाले, "तिकडं त्यांना अग्नी तरी दिला का रे कुणी?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून चैन नाही.

तहसील कचेरीत तीन खेपा घातल्या. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, १९१४ पासूनची पानं बघितली. १९१८ च्या पानांवर तापाने गेलेल्यांची रांगच्या रांग आहे, एकेका घरातली तीन-तीन माणसं. पणजोबा कुठेच नाहीत. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, त्यावर या गावातून किती माणसं लढाईला गेली आणि किती कामी आली एवढंच. आकडा आहे, नाव नाही. दहनाची किंवा निदान मृत्यूची नोंद कुठे मिळेल?

कचेरीवाला

दादा, कोतवाल बुकात ते सापडणारच नाहीत. मृत्यू ज्या गावी घडतो तिथल्या वहीत तो चढतो, परमुलखात मेलेला माणूस आपल्या गावच्या नमुना १४ मध्ये, म्हणजे या कोतवाल बुकात, येत नाही. त्यापेक्षा जमिनीकडून जा. नावावर जमीन असेल तर वारसाचा फेरफार झालाच असणार. आजोबा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, म्हणून 'अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) आई' असा शेरा दिसेल. त्या काळचे फेरफार अभिलेख कक्षात असतात, स्कॅन झाले असतील तर ऑनलाइनही दिसतील. मयत कधी, कुठे, हे तलाठ्याने एका ओळीत लिहिलेलं असू शकतं. अक्षर मोडी असलं तर वाचणारा सोबत न्या.

मोडीवाचक

फेरफार बघाच, पण तुमची चावी दुसरीकडे आहे. ही थाळी युद्धात मेलेल्यांच्या घरच्यांना सरकारने दिली. तिच्यावर हुद्दा किंवा नंबर मुद्दामच घातला नाही, सगळे मेलेले सारखे म्हणून. त्यामुळे तिच्यावरून पलटण कळत नाही. पदकावरून कळते. घरात राजाचा मुखवटा असलेलं चांदीचं पदक आहे का? मागच्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं असतात. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासू नका, अंधारात बॅटरी आडवी धरा. सख्ख्यांकडे नसेल तर चुलत घराण्यांत विचारा. पुष्कळ पदकं सोनाराकडे वितळली, पण पुष्कळ देव्हाऱ्यातही आहेत.

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा, पैसे लागत नाहीत. नावावर फार विसंबू नका. आडनाव बहुतेकदा नसतंच, आणि आपला 'ळ' साहेबाने कधी एल लिहिला, कधी आर. नंबर आणि पलटण घालून यादी काढा, मग गाव बघा. शिपायाच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, सातारा, बॉम्बे असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

खटावचा

ताई, पदक सापडलं! कल्याणला चुलत चुलत्यांकडे, देव्हाऱ्यात टाकांच्या मागे फडक्यात गुंडाळलेलं. तुम्ही सांगितलं तशी बॅटरी आडवी धरली. आधी काहीच दिसेना, मग चार आकडे उमटले, पुढे नाव, त्यापुढे ११० आणि मराठा. चुलते आणि मी, दोघंही बराच वेळ बोललो नाही.

संकेतस्थळावर नोंद आहे. गावाचं नाव मोडलंय, पण बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचंच. तारीख २२ नोव्हेंबर १९१५. ठिकाणाच्या जागी बसरा मेमोरियल लिहिलंय. म्हणजे दहन बसऱ्यात झालं असं समजायचं का? तिथल्या स्मशानाची वही असेल का?

मोडीवाचक

नाही, आणि हे तुम्हाला नीट सांगायला हवं.

बसरा मेमोरियल ही दहनाची जागा नव्हे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ज्यांची कबर किंवा ठावठिकाणा लागला नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचं ते एकत्र स्मारक आहे. १९९७ पर्यंत ते बसऱ्याजवळ नदीकाठी होतं, मग हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेलं. तिथेही आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर कोरली नाहीत, पलटणीखाली आकडा घातला. तुमच्या चावडीसारखंच. ही वागणूक असमान होती, हे कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केलं आहे.

२२ नोव्हेंबर १९१५ हा सलमान पाकच्या लढाईचा पहिला दिवस. इंग्रजी पुस्तकांत ती टेसिफॉन म्हणून आहे, बगदादच्या अलीकडे. सहावी पूना डिव्हिजन तिथे लढली, तुमच्या पणजोबांची ११० मराठा पलटण तिच्यातच. साधारण ४,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. २५ तारखेला डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याने माघार घेतली आणि ३ डिसेंबरला फौज मागे कूत गावाला पोहोचली. जखमींना काट्याकुट्यांतून गाड्यांवर नदीपर्यंत न्यावं लागलं, मेलेल्यांना कोण नेणार? तेव्हा त्यांचं दहन झालं असेल असं मी केवळ तुमच्या समाधानासाठी म्हणणार नाही. इराकमधल्याच अमारा गावी टायग्रिस नदीच्या डाव्या तीरावर हिंदी फौजेचं स्मशान आहे, तिथे सुमारे ५,००० जण आहेत आणि ओळख पटलेले फक्त नऊ. लढाईमागच्या इस्पितळांच्या गावी ही गत, तर रणावर वही कोण ठेवणार?

पण त्यांच्या अग्नीची नोंद मिळण्याची एक जागा मला दिसते. पळसाच्या पानांचं दहन झाल्यावर भावकी तीर्थाला गेली असेल. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळ काढतात. कोण आलं, कुणासाठी आलं, ते त्या वेळी आलेल्या माणसाने सांगितलेलं असतं. साधारण १९२७-२८ ची पानं बघायला सांगा.

आणि तिथीसाठी सर्वपित्रीवर थांबायची गरज नाही. शस्त्राने गेलेल्यांसाठी घातचतुर्दशी आहेच. शिवाय आता तारीख आहे, जुन्या पंचांगावरून तिथी काढून घ्या. कार्तिक महिना, त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे येईल.

खटावचा

ताई, काल रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं. ४,६०० वर थांबलो तर म्हणाले, पुढं वाच. अग्नी मिळाला नसणार, हेही सांगितलं. त्यांनी थाळी मागून घेतली आणि मांडीवर ठेवून नावावरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "त्रिपुरीला आपल्या म्हादेवाच्या दीपमाळेत पणत्या लावतात. त्या साली आईनं... आजीनं लावल्या असतील, त्याला कडेवर घेऊन." त्याला म्हणजे माझ्या आजोबांना.

नाशिकला पुढच्या आठवड्यात जातोय, वडिलांना घेऊन. नामावळीत काय निघालं ते इथेच कळवतो. कचेरीवाले दादा, फेरफाराचा अर्जही दिलाय.